नजर जिथे, गाडी तिथे: नवशिक्या चालकांच्या चुका आणि त्या टाळण्याची रीत

माझी भाची लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा गाडी घेऊन निघाली, तेव्हा मी शेजारच्या सीटवर होतो. रस्ता सरळ आणि रिकामा. तरी गाडी एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला झुकत चालली होती. तिने स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. "मामा, सरळच राहत नाहीये गाडी," ती म्हणाली. मी तिच्या हातांवरून नजर काढून डोळ्यांकडे पाहिलं. बॉनेटच्या पुढच्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यावर तिचे डोळे खिळले होते. "अगं, ते लांबचं झाड दिसतंय ना, तिकडे बघत चालव," एवढंच मी म्हणालो. दहा-पंधरा सेकंदांत गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली आणि मुठीही आपोआप सैल झाल्या.

तेव्हापासून शिकणाऱ्या कुणाशेजारी बसलो की मी आधी त्याचे डोळे कुठे आहेत ते बघतो. नवशिक्यांच्या चुका हातापायांच्या वाटतात. क्लच सुटला, ब्रेक उशिरा लागला, वळण मोठं झालं. पण मागे जाऊन शोधलं तर बहुतेकींचं मूळ नजरेत सापडतं: उशिरा दिसलं, म्हणून घाई झाली, म्हणून पाय चुकला. गाडीत बसण्यापासून उतरेपर्यंत ज्या क्रमाने या चुका होतात, त्याच क्रमाने त्या इथे घेतो.

किल्ली फिरवण्याआधी

नवीन माणूस सीट पुढे ओढून स्टिअरिंगला जवळजवळ चिकटून बसतो, कारण त्याला बॉनेटचं टोक बघायचं असतं. त्या टोकाचा गाडी चालवताना काही उपयोग नाही, आणि इतकं जवळ बसणं धोक्याचं आहे. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. तिला फुगायला जागा हवी, म्हणून छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

सीट अशी लावा:

१. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवा. क्लच तळापर्यंत दाबा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

२. हात पुढे करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा. खांदा सीटवरून न उचलता मनगट टेकलं, की पाठीचा कल बरोबर आहे.

३. डोक्यामागची उशी वर घ्या. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवी. मानेच्या खाली राहिलेली उशी मागून धडक बसली तर मान वाचवू शकत नाही.

४. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. कंबर आणि छाती दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोचे अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ साली आणला. आघाताचा जोर शरीरातल्या भक्कम हाडांवर यावा, हे त्यामागचं गणित आहे. पट्टा पोटावर चढला, पिळला किंवा काखेखालून घेतला की ते गणितच बिघडतं.

५. हात घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी ठेवा.

आता आरसे. बाजूच्या आरशात आपल्याच गाडीचं अंग पावभर दिसेल असे आरसे लावण्याची चूक अनुभवी माणसंही करतात. आपली गाडी कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं. दिसायला हवा तो शेजारचा पट्टा. त्यासाठी डोकं आपल्या बाजूच्या काचेला टेकवा आणि त्या बाजूचा आरसा बाहेर वळवत न्या, गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. मग गाडीच्या मध्याकडे झुका आणि दुसऱ्या बाजूचा आरसा तसाच लावा. आतल्या आरशात मागची अख्खी काच दिसू द्या. सरळ बसलात की बाजूच्या आरशांत आपली गाडी जवळजवळ दिसणार नाही. पहिले तीन-चार दिवस हे चुकल्यासारखं वाटतं. पण मागून येऊन पुढे जाणारी गाडी आतल्या आरशातून बाहेरच्या आरशात आणि तिथून थेट डोळ्याच्या कोपऱ्यात आली, मधे कुठेच गायब झाली नाही, की आरसे बरोबर लागले समजा. दुचाकी मात्र याही रचनेत निसटू शकते, त्यामुळे मान वळवून बघणं सुटत नाही.

टायरची हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा. प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो, हे एकदा लक्षात राहिलं की हा कंटाळा येत नाही.

क्लचची भीती

गाडी बंद पडणं ही चूक म्हणण्याइतकी मोठी गोष्ट नाही. खरी चूक त्यानंतरच्या पाच सेकंदांत होते. मागून हॉर्न वाजतात, माणूस घाबरतो, गाडी गिअरमध्येच असताना किल्ली फिरवतो, गाडी गचका खाऊन पुढे उडी मारते. म्हणून गाडी बंद पडली की करायच्या गोष्टींचा क्रम पाठच करून ठेवा: ब्रेक, हँडब्रेक, क्लच, न्यूट्रल, मग किल्ली. मागचा थांबेल. त्याला थांबावंच लागतं.

मुळात गाडी बंद पडू नये यासाठी एकच सराव पुरेसा आहे. सपाट, मोकळ्या जागेत पहिला गिअर टाका, टाच जमिनीला टेकवा आणि अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात न शिवता क्लच हळूहळू सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज जरासा खाली येतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी सरकू लागते. तिथे पाय दोन सेकंद स्थिर धरा. पुन्हा दाबा, थांबा, पुन्हा सोडा. असं वीसेक वेळा केलं की ती जागा पायाला कळते, डोक्याला विचारावं लागत नाही. दुसरी गाडी चालवायला घेतलीत तर हा सराव दोन मिनिटं पुन्हा करा, कारण ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते.

चढावर गाडी मागे जाईल या धास्तीने हाफ क्लचवर ती तोलून धरायची सवय लागते. क्लचप्लेट जळायला याहून सोपा उपाय नाही. चढावर असं करा: हँडब्रेक ओढलेला ठेवा, पहिला गिअर टाका, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच त्या ओळखीच्या जागेपर्यंत आणा. गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की मगच हँडब्रेक सोडा. भाचीला हे जमायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्यानंतर चढाचा सिग्नल लाल दिसला की तिला घाम फुटणं बंद झालं. चालत्या गाडीत डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवणंही टाळा. वजन थोडंसंच असलं तरी क्लचची बेअरिंग सतत झिजत राहते.

ऑटोमॅटिक गाडीत चूक वेगळी होते आणि ती जास्त गंभीर असते. ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडतो, गाडी उसळते, आणि माणूस गाडी थांबावी म्हणून तोच पाय आणखी जोराने दाबतो. यावर उपाय असा: दोन्ही पेडलसाठी फक्त उजवा पाय वापरा, टाच ब्रेकसमोर जमिनीवर ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटरकडे फक्त पुढचा पंजा वळवा. पार्किंगमध्ये हळू जाताना पाय ब्रेकवरच असू द्या. गाडी तेवढ्यावर आपली आपण सरकते. सैल चपला घालून गाडी चालवू नका.

नजर कुठे ठेवायची

या लेखात एकच भाग नीट वाचायचा असेल तर तो हा.

पुढच्या बारा सेकंदांत आपण जिथे पोचणार आहोत तिथपर्यंत नजर टाकायची. ताशी ५० किलोमीटरला हे अंतर सुमारे १६५ मीटर होतं. तिथून नजर जवळ आणा, मग आरशात, मग पुन्हा लांब. पाच-सात सेकंदांत एक फेरी व्हावी. डोळा एका जागी थिजला की बाकीचा रस्ता आपल्यासाठी नाहीसा होतो.

पण डोळे फिरवणं म्हणजे बघणं नव्हे. काय शोधायचं ते माहीत असलं पाहिजे. बाजूला उभ्या असलेल्या गाडीत कुणाचं डोकं दिसतं का? दिसलं तर दार उघडू शकतं. तिचं पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं आहे का? ती निघणार आहे. फाट्यावर थांबलेली गाडी हलली की नाही हे तिच्या टपाकडे बघून उशिरा कळतं, चाकाकडे बघून लगेच. उभ्या बसच्या खालून पावलं दिसतात. रस्त्यावर चेंडू आला तर त्याच्यामागे मूल आहे असंच धरून चालायचं. तुमच्या पुढच्याच्या पुढे असलेल्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले, तर तुमच्या पुढचा ब्रेक मारायच्या आत तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघालेला असावा.

पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना जो खांब असतो, त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. वळताना त्याच्यामागे एक अख्खा माणूस मावतो. तुमचा वेग आणि त्याची चाल जुळली तर तो काही सेकंद त्या खांबाआडच राहतो, आणि तुम्ही मनापासून "कुणी नाही" असं समजून वळता. चौकात वळण्याआधी डोकं जरा पुढे-मागे हलवा. खांबामागची जागा उघडी पडते.

आणि खड्डा. खड्डा दिसला की नवीन माणूस त्याच्याकडे टक लावून बघतो आणि नेमका त्यातच जातो, कारण हात डोळ्यांच्या मागे जातात. खड्डा एकदा टिपा आणि लगेच त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघा. अरुंद पुलावर, दोन गाड्यांमधल्या फटीत, घसरत्या गाडीत, सगळीकडे हेच. जायचंय तिकडे बघा.

अंतर आणि ब्रेक

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. हा आकडा मनात ठेवला की बाकीचे हिशेब सोपे होतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, आणि तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगात धावत असते. त्यापुढे ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं: वेग दुप्पट, तर अंतर चौपट. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर ताशी ५० ला ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटर लागतात, ताशी १०० ला साधारण ५५. दीड सेकंदाचं अंतर मिळवलं की एकूण ३५ मीटर आणि ९७ मीटर होतात.

हे मीटर रस्त्यावर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. हे म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट करा. मधे कुणी घुसलं तर पाय हलका करून पुन्हा तीन सेकंद तयार करा. त्यात तुमचे दोन-तीन सेकंदच जातात. मागचा चिकटून येत असेल तर वेग वाढवू नका, पुढचं अंतर वाढवा. म्हणजे तुम्हाला कचकन ब्रेक मारावा लागणार नाही आणि मागच्यालाही थांबायला वेळ मिळेल.

जोराचा ब्रेक मारायची वेळ आली की नवशिक्याचा पाय अर्धवट दबतो, आणि पेडल पायाखाली थरथरायला लागलं की तो चक्क ब्रेक सोडतो. काहीतरी तुटलं असं त्याला वाटतं. ती थरथर म्हणजे एबीएस काम करत असल्याची खूण आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक रूपात १९७८ पासून मोटारींत येऊ लागलेली ही यंत्रणा चाकं जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. म्हणून पेडल पूर्ण दाबा, गाडी थांबेपर्यंत दाबून ठेवा आणि मोकळ्या जागेकडे वळवा. मोकळ्या मैदानात, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ३० च्या वेगात हे दोन-तीनदा मुद्दाम करून बघाच. खऱ्या प्रसंगात ती थरथर ओळखीची वाटली पाहिजे.

रोजच्या ब्रेकमधली एक चूक: थांबायचं म्हटलं की आधी क्लच दाबायचा. क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी मोकळी धावते. आधी ब्रेक लावा, आणि गाडी थांबायच्या जरा आधी क्लच दाबा.

लेन, वळण, ओव्हरटेक

क्रम असा: आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, किमान तीन सेकंद थांबणं, मान वळवून एक नजर, आणि मग स्टिअरिंग. इंडिकेटर लावला म्हणजे जागा आपली झाली असं नाही, ती फक्त विनंती असते. ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका. त्याच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवा. वळणात शिरल्यावर ब्रेक मारण्याची वेळ येऊ देऊ नका. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून कोपऱ्यावर फार लवकर वळलात तर मागचं चाक फुटपाथवर चढतं. तुमचा खांदा कोपऱ्याशी आला की वळायला लागा. समोरून येणारी वाहतूक ओलांडून वळण्यासाठी थांबला असाल, तर चाकं सरळ ठेवा. वळवून ठेवलेल्या चाकांवर मागून धक्का बसला तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते.

ओव्हरटेकचा अंदाज नवशिक्यांचा हमखास चुकतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. पुढची गाडी ताशी ६० ने चाललीय, तुम्ही ८० ने. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तिच्या मागून सुरक्षित अंतरावरून निघून तिच्या पुढे सुरक्षित अंतरावर यायला पन्नासेक मीटरची आघाडी लागते, म्हणजे नऊ सेकंद. तेवढ्यात तुम्ही २०० मीटर धावता आणि समोरून ८० ने येणारी गाडीही २०० मीटर धावते. म्हणजे ४०० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा, आणि वर थोडा हात राखून. तो दिसत नसेल, तर मागेच राहा.

उतार, पाऊस, अंधार

उतारावर पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे खूप आहेत. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे बचत होतच नाही, वर सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि लांब उतारावर ऐनवेळी धरत नाहीत. चढताना जो गिअर लागला, साधारण तोच उतरताना ठेवा.

कोरड्या दिवसांनंतरची पहिली सर सगळ्यात निसरडी असते, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून येते. साचलेल्या पाण्यातून वेगात गेलात तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. तेव्हा ब्रेक मारू नका, स्टिअरिंगला झटका देऊ नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि टायर पुन्हा रस्ता पकडेपर्यंत थांबा.

रात्री डिपरचा, म्हणजे खाली वळवलेल्या झोताचा, उजेड साधारण ४० ते ५० मीटर जातो. ताशी ६० ला पूर्ण थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात. म्हणजे त्याहून वेगात, डिपरवर, बिनदिव्याच्या रस्त्याला तुम्ही न दिसणाऱ्या जागेत गाडी घालत असता. समोरून अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, डोळ्यांत आला तर त्याकडे बघू नका, आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेकडे बघा. धुक्यात अप्पर लावला तर धुकंच उजळतं, रस्ता दिसत नाही, डिपरच ठेवा.

लक्ष

ताशी ६० ला फोनकडे पाच सेकंद बघणं म्हणजे ८३ मीटर डोळे मिटून जाणं. नकाशा निघण्याआधी लावा आणि फोन हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. पहिले दोन-तीन महिने मित्रांनी भरलेली गाडी चालवू नका. सोबत एकच माणूस घ्या, तोही गप्प बसणारा. आधी ओळखीचे रस्ते उजेडात, मग तेच रस्ते रात्री, मग पाऊस, मग महामार्ग. एका वेळी एकच नवी गोष्ट. झोप यायला लागली तर काच उघडून आणि गाणी लावून ती जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावा आणि पंधरा-वीस मिनिटं झोपा.

गाडी लावताना आणि उतरताना

रिव्हर्स घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. भाचीने एकदा मागच्या काचेतून नीट बघून गाडी मागे घेतली आणि गुडघ्याएवढा दगडी खांब बंपरमध्ये रुतला. काचेतून तो दिसणं शक्यच नव्हतं. तिथे लहान मूल बसलेलं असतं तर, या विचाराने ती बराच वेळ गाडीबाहेर येऊन उभी होती. आता ती फेरी मारल्याशिवाय गाडी मागे घेत नाही. कॅमेरा असला तरी त्याला बाजूचं सगळं दिसत नाही, त्यामुळे मान वळवा आणि चालण्याच्या वेगाने जा. मागे वळताना गाडीचं नाक विरुद्ध बाजूला फिरतं, तेव्हा अधूनमधून पुढच्या कोपऱ्याकडेही बघा. नीट लागली नाही तर पुन्हा पुढे काढून सरळ करा, कितीही वेळा.

गाडी लागली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद झालं. आता दार. दाराजवळच्या हाताने उघडू नका, लांबच्या हाताने उघडा. हात आडवा गेला की खांदा फिरतो, खांद्याबरोबर मान फिरते, आणि मागून येणारा सायकलवाला दार उघडायच्या आधी दिसतो.